बाभळीवरून वेलीवर

ओझर बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं विमानांच्या कारखान्यामुळे, निफाडकराला द्राक्षामुळे. रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी इथं १९२५ साली द्राक्ष लावलं आणि नाशिकच्या द्राक्षशेतीचा इतिहास तिथपासून सांगितला जातो. तेव्हा बांधाबांधावर बाभळी होत्या. औताला, नांगराला, गाडीच्या चाकांना लाकूड त्यांचंच. त्याच लाकडात लांब मिशांच्या एका भुंगेऱ्याची अळी वाढायची. त्याचं शास्त्रीय नाव सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. इंग्रजी अमदानीतल्या वनखात्याला तो बाभळीचा शत्रू म्हणून माहीत होता. बागायतदाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आज बागेत खोडकिडा म्हटला की हाच डोळ्यांपुढे येतो.

किडीनं झाड बदललं म्हणजे कीडच बदलली, असा आपला समज. कधी ते खरंही असतं. अमेरिकेत हॉथॉर्नच्या फळात वाढणारी एक माशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सफरचंदात शिरली. सफरचंद आधी पिकतं, म्हणून तिची तिथली पिढीही आधी बाहेर पडू लागली आणि दोन्हींचे वंश वेगळे होत चालले. आपल्या भुंगेऱ्याला एवढा खटाटोप पडलाच नसावा. साग, सुरू, निलगिरी हे त्याला पूर्वीपासून चालायचं. जून-जुलैच्या पावसात तो बाहेर पडतो, कोवळी साल कुरतडतो, खोडाच्या सालीत अंडी घालतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर नेमक्या तेव्हाच नव्या काड्या असतात, आणि खोडावरची सुटी साल म्हणजे अंड्यांना आयता आडोसा.

बदललं ते शिवार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकारानं वाघाड कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. ते काम नावाजलं गेलं, आणि रास्तच. पाण्याची खात्री झाल्यावर द्राक्ष वाढलं. बांधावरची बाभूळ मात्र गेली, कारण बैलगाडीच गेली. भुंगेऱ्यासमोर उरली ती वर्षानुवर्षं जागची न हलणारी, जाड खोडाची वेल.

त्याच्या मागोमाग स्ट्रोमॅशियम बार्बेटम आला. हा तर सुक्या लाकडाचा, घरातलं फर्निचर पोखरणारा. जिवंत वेलीत त्याचं काय काम? वर्षाला दोन छाटण्या सोसलेल्या जुन्या खोडात मेलेलं लाकूड बरंच साठतं; माझ्या मते वाट तिथूनच मिळाली असावी.

खोडाशी भुसा पडलेला दिसतो, पानं पिवळी पडतात, तोवर अळी गाभ्यात पोचलेली असते. भोकात डायक्लोरव्हॉस सोडून चिखलानं तोंड लिंपायची सवय अनेकांना होती. २०२०च्या अखेरीस त्या औषधावर बंदी आली. आता भर आहे तो पावसाआधी सुटी साल खरवडून काढण्यावर. पण ते दिवस फुटींच्या विरळणीचे, मजूर तिकडे लागलेले, आणि साल काढायची राहून जाते.