पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती

सातबाऱ्यातला सात सांगतो जमीन कोणाची, आणि बारा सांगतो तिच्यात काय पिकलं. वाद, वारसा, खरेदीखत हे सगळं साताभोवती फिरतं, म्हणून बाराकडे कोणी फारसं निरखून पाहत नाही. वास्तविक गावाच्या शेतीचा वर्षानुवर्षांचा इतिहास तिथे आहे: हंगाम, पिकाचं नाव, क्षेत्र, बागायत की जिरायत, पाणी विहिरीचं की कालव्याचं, पड किती.

हे रकाने पूर्वी तलाठी भरत. एकाच माणसाकडे अनेक गावं आणि पाहणीचे दिवस मोजके. त्यामुळे शेतात तूर आणि उताऱ्यावर ज्वारी, अशी तक्रार गावोगावी ऐकू यायची. 15 ऑगस्ट 2021 पासून महसूल आणि कृषी विभागांनी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली आणि नोंद करण्याचं काम खुद्द शेतकऱ्याकडे आलं. ॲप घडवण्यात टाटा ट्रस्टचं साहाय्य होतं.

काम अवघड नाही. खातेदार निवडायचा, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन आणि लागवडीची तारीख भरायची, मग पिकात उभं राहून फोटो काढायचा. फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात. 2022 च्या सुधारित आवृत्तीत दोन मोलाच्या गोष्टी आल्या. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. कापसातल्या तुरीच्या ओळींना कागदावर जागा मिळाली. आणि चुकलेली नोंद 48 तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतःच दुरुस्त करता येऊ लागली. ही मुदत टळली की तलाठी कार्यालय गाठावं लागतं. म्हणून नोंद पाठवली त्याच संध्याकाळी ती पुन्हा उघडून वाचावी. ज्याच्या घरात स्मार्टफोन नाही किंवा शिवारात रेंज नाही, त्याच्यासाठी ही मुदत फारच तोकडी आहे.

नोंद हुकली की काय होतं, ते 2023 मध्ये कांदा उत्पादकांनी सोसलं. क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर झालं, पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसलेले कितीतरी जण अडले. कांदा विकल्याची पट्टी हातात होती, तरी उतारा गप्प होता. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनच्या मदतीलाही ई-पीक पाहणीचाच आधार घेतला गेला. त्यामुळे ही नोंद म्हणजे अनुदानाची पावती, असा समज पक्का झाला आहे.

मला तो समज तोकडा वाटतो. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षं टिकते. गेल्या काही रब्बींत त्या गटात काय होतं, हे ठाऊक नसेल तर फेरपालट अंदाजानेच होणार. सोयाबीनमध्ये वापरलेल्या इमॅझेथापायरचा अंश मागे राहिला तर नंतरच्या मोहरीची वाढ खुंटू शकते. घरचा जाणता माणूस हे सगळं तोंडपाठ सांगतो. पण जमीन वाट्याने दिली, मुलगा पुण्याला गेला, भाऊ वेगळे झाले की ती आठवण तुटते. मग एकाच गटाची पाच वर्षांची पिकं ओळीने समोर दिसण्याला फार किंमत येते.

मात्र सरकारी नमुन्यात पीक आहे, पण वाण नाही, तणनाशक नाही, एकरी किती माल निघाला तेही नाही. शेती व्यवस्थापनाची खासगी सॉफ्टवेअर हेच सारं प्रत्येक शेताच्या नावाखाली तारीखवार ठेवतात. ती परवडोत न परवडोत, उताऱ्याची प्रत काढून तिच्या मागे दर हंगामाला वाण, फवारणी आणि उत्पादन लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. खरिपाची नोंद झाली की हे लिहायला घ्यावं; पेरणीची तारीख तेव्हा ताजी असते आणि बियाण्याची पिशवीही बहुधा घरातच असते.