जागा वाचते, पण घाई चालत नाही



असोद्याच्या शिवारात विजेच्या तारांची गोष्ट निघाली, की एक प्रश्न हमखास येतो : या सबस्टेशनांना एवढी जमीन लागते कशाला? कारण साधे आहे. उघड्या यार्डात तारांभोवतीची हवा हीच विजेला अडवते. विजेचा दाब जितका जास्त, तितके अंतर जास्त. मग एकरच्या एकर त्यात जातात.

यावर तोड आहे. ॲल्युमिनियमच्या बंद नळकांड्यात मधोमध वाहक बसवायचा आणि भोवती एसएफ-सिक्स वायू दाबाने भरायचा. हा वायू विजेला हवेपेक्षा सुमारे अडीचपट अडवतो. दाबाखाली त्याहून जास्त. मग मीटरचे काम सेंटिमीटरवर येते. आपल्या मोटारी चालतात त्या एसी विजेसाठी ही यंत्रे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहेत.

खरे दुखणे डीसी विजेचे. लांब पल्ल्याला तीच परवडते. चंद्रपूरहून पडघ्याला ७५२ किलोमीटर वीज नेणारी, १५०० मेगावॉटची आणि अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची लाइन १९९९ मध्ये सुरू झाली, ती डीसीच.

एसी वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, त्यामुळे विद्युतभाराला एका जागी बसायला सवड मिळत नाही. डीसी मात्र एकाच दिशेची. पाटात गाळ बसावा तसा, वाहकाला आधार देणाऱ्या इपॉक्सीच्या चकतीवर भार हळूहळू साचतो. त्यात वाहक तापलेला आणि बाहेरचे नळकांडे थंड. त्यामुळे चकतीवरचा ताण बाहेरच्या बाजूला सरकतो. जोडणी करताना आत धातूचा बारीक कण राहिला, तर तोही घात करतो. म्हणून चकतीचा आकार फार विचाराने ठरवावा लागतो आणि कण अडकवायला खाचा ठेवाव्या लागतात.

तपासणीही वेगळी. मिनिटभर जादा दाब देऊन भागत नाही. आधी यंत्र तापवायचे, भार पुरता साचेपर्यंत तासन्‌तास डीसी दाब ठेवायचा, आणि मग त्यावर वीज कोसळल्यासारखा झटका द्यायचा, दोन्ही दिशांनी. पुढे नमुना संच सुमारे वर्षभर दाबाखाली ठेवतात. सीग्रे या आंतरराष्ट्रीय वीजतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये अशा चाचण्यांची मार्गदर्शिका काढली. जपानने मात्र २००० साली सुरू झालेल्या की खाडीच्या डीसी लाइनवर असे स्विचगिअर आधीच बसवले होते.

एक दोष सांगितलाच पाहिजे. एसएफ-सिक्स हवेत सुटला, तर कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. म्हणून गळती चालत नाही, आणि दुसऱ्या वायूंचा शोध चालू आहे.

तेव्हा मंडळी, मनोऱ्यांखालची जमीन याने वाचत नाही. वाचते ती स्टेशनाची. उद्या कोणी स्टेशनासाठी जमीन मागायला आले, तर दोन गोष्टी जरूर विचारा : यार्ड उघडे की बंद नळकांड्याचे? आणि बंद असेल, तर तपासणी किती दिवस झाली?