शेतातला युरिया विहिरीच्या पाण्यात कसा येतो?

पृथ्वीवरील पाण्यापैकी गोडे पाणी जेमतेम अडीच टक्के. त्यातलेही बहुतेक बर्फात आणि भूगर्भात. विहिरीला येते ते पावसाचे मुरलेले पाणी, आणि मुरताना ते शेतातले बरेच काही सोबत नेते.

युरियात ४६ टक्के नत्र असते. जमिनीत त्याचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होते. मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात, नायट्रेट धरत नाहीत. पिकाने न उचललेले नायट्रेट मोठ्या पावसात किंवा पाटाने दिलेल्या जादा पाण्यात मुळांखाली उतरते आणि खडकाच्या भेगांतून विहिरीत पोचते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जास्त असल्यास, त्या पाण्यात कालवलेले वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. नायट्रेटला रंग नसतो, वास नसतो. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

म्हणून नत्राची शिफारशीत मात्रा हप्त्यांत विभागून द्या. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर युरिया टाकणे थांबवा. उकिरडा विहिरीपासून दूर ठेवा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाणी तपासून घ्या. नायट्रेट जास्त निघाल्यास ते पाणी बाळाला देऊ नका; पिकाला देताना मात्र त्यातले नत्र हिशेबात धरून युरिया कमी करा.