डोळ्याची नस सुजलीये की आत खडे आहेत?

चष्म्याचा नंबर काढायला गेलो आणि डॉक्टर म्हणाले, "डोळ्याची नस सुजल्यासारखी दिसतेय." मी घाबरलोच! कारण मेंदूवरचा दाब वाढला तरी ही नस सुजते.

मग ओसीटी स्कॅन केला. यात इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यात सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून आतल्या थरांचं चित्र तयार होतं. सुई नाही, एक्स-रे नाही.

निघालं काय? ड्रुसेन, म्हणजे नसेच्या तोंडाशी साचलेले कॅल्शियमचे बारीक खडे. ओसीटीत ते मध्ये काळे, कडेला चमकदार दिसतात. वरवरचे खडे निळ्या प्रकाशात स्वतःच चमकतात. सोनोग्राफीत पांढरे ठिपके दिसतात.

खडे काढता येत नाहीत. पण बाजूचं दिसणं हळूहळू कमी होऊ शकतं, म्हणून फील्ड टेस्ट मी चुकवत नाही.