मनालीचा बर्फ आणि बाळापूरची तूर

आमच्या बाळापूरला बर्फ म्हटला की माणसाला एकच बर्फ आठवतो : उन्हाळ्यातल्या लग्नसराईत लाकडाच्या भुशात लोळवून, गोणपाटात गुंडाळून आणलेली ती लादी. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा किल्ल्याच्या भिंतींकडे नुसते पाहिले तरी डोळे पोळतात. अशा गावच्या माणसाला बर्फाची ओढ वाटली तर त्यात नवल ते काय?

आमच्या घरात ही ओढ सौभाग्यवतींना. लग्न झाले त्या वर्षी मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "एकदा तुला हिमालयातला बर्फ दाखवीन." प्राध्यापकाचे आश्वासन ते! एका वर्षी घर रंगवायचे निघाले, एका वर्षी बाबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन निघाले, आणि बघता बघता अठरा वर्षे गेली. तिने कधी तोंडाने आठवण दिली नाही. फक्त दिनदर्शिकेवर बर्फाच्छादित शिखराचे चित्र आले, की महिना संपला तरी ते पान उलटायला तिचा हात धजत नसे.

अखेर 2024 सालच्या नाताळच्या सुटीत योग आला. अकोल्याहून भुसावळ, तिथे गाडी बदलून दिल्ली, आणि दिल्लीहून बसने मनाली असा बेत ठरला. 26 डिसेंबरला निघायचे. स्वेटर आले, कानटोप्या आल्या, दशम्या-चटणीचा हिशेब झाला. चिरंजीवांनी तर वर्गात अर्ध्या बाळापुराला 'बर्फाचा गोळा घेऊन येतो' असे कबूल करून टाकले.

आणि 24 तारखेच्या सकाळी वर्तमानपत्र आले. आदल्या दिवशी सोलंग ते अटल बोगदा या रस्त्यावर बर्फ पडून सुमारे हजार वाहने अडकली होती. पोलिसांनी सातशेच्या आसपास प्रवासी बाहेर काढले होते. घरात तत्काळ दोन पक्ष पडले. बाबा म्हणाले, "जाऊ नका." चिरंजीव म्हणाले, "आता तर खरा बर्फ पडतोय, आजोबा! आत्ताच जायला पाहिजे." दोघांचेही म्हणणे बिनतोड होते. मी गप्प बसलो. समास सोडवणे निराळे आणि घाटातल्या रस्त्याचा अंदाज घेणे निराळे.

एवढ्यात दूध घेऊन तात्या आले. गावालगत त्यांचे आठ एकर वावर आहे.

"काय सर, बर्फ पाहाले चालले म्हन्ते?"

"हो तात्या, विचार आहे."

"पहा बाप्पा! तुमी पैसे भरून बर्फापाशी जाता, अन् आमी देवाले हात जोडतो, का बाबा, आमच्या वावरात पाठवू नको. तूर सोंगून गंजी लावली हाये, हरबरा फुलावर हाये. आभायाचं काई खरं दिसत नाई."

मी हसलो, पण ते वाक्य मनातून जाईना. तिकडचा बर्फ आणि इकडचे आभाळ यांचा काही संबंध असेल, हे मला तोवर सुचलेच नव्हते. त्या संध्याकाळी मी हवामानावरचे जे मिळेल ते वाचून काढले आणि माझ्या अज्ञानाची मलाच लाज वाटली.

हवामानखाते ज्याला 'पश्चिमी विक्षोभ' म्हणते, ते हे प्रकरण आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेत भोवरे उठतात. पृथ्वीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान प्रवाह वाहत असतो. त्याच्या पाठीवर बसून हे भोवरे इराण, अफगाणिस्तान ओलांडत आपल्याकडे येतात. हिवाळ्यात महिन्याला चार ते सहा तरी येतात. त्यांतली ओल हिमालयाच्या भिंतीवर आपटून वर चढते, गोठते आणि बर्फ होऊन पडते. काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदाला हवी ती थंडी आणि उत्तरेतल्या नद्यांना उन्हाळ्यात मिळणारे पाणी, हे या बर्फाचेच देणे. तेव्हा तो काही कुणाचा वैरी नव्हे.

परंतु एखादा विक्षोभ जोरकस असला, तर त्याची शेपटी दक्षिणेकडे थेट मध्य भारतापर्यंत लोंबते. वरून थंडगार हवा, आणि खालून अरबी समुद्राकडची व बंगालच्या उपसागराकडची दमट हवा. दोघींची गाठ आमच्या वऱ्हाडाच्या डोक्यावर पडली, की ऐन हिवाळ्यात ढग गडगडतात आणि कधी गारा कोसळतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातली लाखो हेक्टर पिके गारांनी झोडपली. 11 फेब्रुवारी 2018 ला पुन्हा विदर्भ-मराठवाड्यात तेच झाले. विक्षोभ पुढे सरकला, की त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो आणि आमच्याकडे शेकोट्या पेटतात. म्हणजे चिरंजीव ज्याचा गोळा करायला निघाले होते आणि तात्या ज्याला 'येऊ नको' म्हणत होते, ते एकाच घरचे पाहुणे!

25 तारखेपर्यंत पुढचा अंदाज आला : 27 आणि 28 डिसेंबरला हिमालयात जोराचा बर्फ आणि विदर्भात विजा-वाऱ्यासह पाऊस, काही ठिकाणी गारा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला निघत असतो. 'कापणी केलेला माल झाकून ठेवा' हे त्यातले नेहमीचे साधे वाक्य मी त्या दिवशी प्रथमच लक्ष देऊन वाचले.

रात्री आम्ही चौघे बसलो. बशीतल्या चहावर फुंकर घातली की तो चटकन निवतो, तसेच वारा अंगाची ऊब उडवून नेतो. म्हणून उणे पाच अंशांची थंडी वाऱ्यात कितीतरी बोचरी होते, हे मी सांगितले. रस्त्यावर बर्फाचा जो पातळ, काचेसारखा थर बसतो तो ड्रायव्हरला दिसतच नाही, हेही सांगितले. आणि 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी काय झाले, तेही. बर्फ पाहायला गेलेल्या मोटारी वाटेतच गाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे गाडीतल्या गाडीत दगावली. कुणी थंडीने, तर कुणी विषारी वायूने. गाडीचा धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली आणि उबेसाठी इंजिन चालूच ठेवले, तर तो वायू आत शिरतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजण्यासारखेच ते.

मग उगाच धीर द्यावा म्हणून मी इतिहासात शिरलो. "1720 च्या ऑगस्टात निजाम-उल-मुल्क आणि आलम अलीखान यांची लढाई आपल्याच बाळापुराजवळ झाली. त्याआधी पावसाने आणि या काळ्या चिखलाने एवढ्या फौजांचे हाल केले. हवेपुढे थांबण्यात..."

"पुरे," ही म्हणाली. "फौजांचे राहू दे. पोराला आणि बाबांना घेऊन मला तिथे अडकायचे नाही. बर्फ काही पळून जात नाही."

एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाजही येत नव्हता.

तिकिटे रद्द झाली. हॉटेलची आगाऊ रक्कम गेली ती गेलीच. 27 ला दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आले. चिरंजीव तोंड फुगवून बसले होते, त्यांना म्हटले, "चला, तात्यांच्या वावरात." हीही पदर खोचून निघाली. गंजीवर ताडपत्री टाकायची होती, पण वारा असा, की एक टोक धरावे तर दुसरे फडफडत अंगावर यावे. अखेर चार कोपऱ्यांना चौघे उभे राहिलो, तात्यांनी दोर आवळले, वर दगड ठेवले. घरी पोचेतो थेंब सुरू झाले आणि रात्री पाऊस चांगलाच लागला. सुदैवाने आमच्याकडे गारा पडल्या नाहीत.

त्याच दिवशी सोलंगला पुन्हा बर्फ पडला आणि सुमारे पाच हजार प्रवाशांना सोडवावे लागले. श्रीनगरची विमाने बंद पडली. दिल्लीत डिसेंबर महिन्यात सहसा पडत नाही एवढा पाऊस झाला. आम्ही गेलो असतो, तर बहुधा त्या पाच हजारांत असतो, आणि त्यांच्यासारखेच सुखरूप परतलोही असतो. 'वाचलो' असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या पोलिसांनी आणि गावकऱ्यांनी रात्रभर बर्फात उभे राहून त्या गाड्या काढल्या, त्यांच्या डोक्यावरचे चार जणांचे ओझे तरी आम्ही कमी केले.

तात्यांच्या हरभऱ्याचा थोडा फुलोरा झडला. तूर मात्र वाचली. मळणी झाल्यावर ते पायलीभर तूर घेऊन आले. "बाईसाहेब, तुमचा बर्फ राह्यला, पन आमची तूर राह्यली," म्हणाले. हिने त्या तुरीची डाळ केली. त्या वरणाची चव आमच्या घरात अजून निघते.

वाचकहो, बर्फाच्या प्रदेशात जाऊच नका, असे मी मुळीच म्हणत नाही. जरूर जा. फक्त तिकिटाबरोबर आभाळही पाहा. निघण्यापूर्वी चार-पाच दिवस हवामानखात्याचा अंदाज रोज वाचा. परतीच्या प्रवासात दोन दिवस मोकळे ठेवा. बरोबर कोरडा खाऊ, पाणी आणि एक जादा पांघरूण असू द्या. आणि पोलीस 'पुढे जाऊ नका' म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नका.

आम्ही पुन्हा बेत आखतो आहोत. या वेळी दोन दिवस हाताशी ठेवले आहेत. हिने अजून बर्फ पाहिलेला नाही. दिनदर्शिकेवरचे शिखर मात्र ती आता निराळ्या नजरेने पाहते. आणि थंडी पडू लागली की तात्या दुधाचे माप ओतता ओतता रोज मला विचारतात,

"काय सर, तिकडं पडला काय बर्फ? नाई, ताडपत्री काढून ठेवतो."