गाण्यातले खोटे नाणे

पक्ष्यांच्या अनेक जातींत गाणे हे मुख्यतः नराचे काम. आपण ते ऋतूचे कौतुक म्हणून ऐकतो. मादी वेगळ्या कानांनी ऐकते. तिच्या लेखी ते नराचे प्रगतिपुस्तक असते. ज्याला पोटभर अन्न मिळाले, ज्याला आजाराने पोखरलेले नाही, त्यालाच लांब, गुंतागुंतीचे गाणे परवडते. इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोत्स झहावी यांनी 1975 मध्ये मांडलेला विचार थोडक्यात हाच: जी खूण मिळवायला महाग, तीच विश्वासाची. आपल्याकडे सालिम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला सुगरणीचा अभ्यास केला, तेव्हा मादीचा हा चोखंदळपणा त्यांनी नोंदवला. नर घरटे अर्धे विणून ठेवतो, मादी येऊन तपासते आणि पसंत पडले तरच तिथे संसार मांडते. पुढची पिढी उभी राहते ती तिच्या पारखीवर.

ही पारखच एखाद्या रसायनाने फसवली तर काय होते, हा या लेखाचा विषय आहे. मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेला माणूस नाही. पक्षी पाहता पाहता या प्रश्नापाशी आलो आणि मग वाचत गेलो.

मऊपणाची किंमत

पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. त्यापासून बागेची नळी, रेक्झिन, वायरीचे वेष्टन किंवा रक्ताची पिशवी करायची, तर त्यात तेलासारखा द्रव मिसळावा लागतो. हाच प्लास्टिसायझर. त्यातला सर्वांत मोठा गट थॅलेटांचा. आपल्या बाजारात ‘डीओपी’ नावाने विकले जाते ते याच गटातले. किराणा दुकानातली साधी पॉलिथिनची पिशवी या गोष्टीतली मुख्य आरोपी नव्हे, हे इथेच सांगितलेले बरे.

थॅलेट प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते त्यात नुसते सामावलेले असते. म्हणून ते हळूहळू बाहेर पडते. जुने रेक्झिन कडक होऊन तडकते, ते बऱ्याच अंशी त्यातले तेल निघून गेल्यामुळे. हे तेल धुळीत जाते, धुण्याच्या पाण्यात जाते आणि शेवटी गटारात.

गांडुळापासून मेंदूपर्यंत

ब्रिटनमध्ये सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांत खडीचे थर असतात. त्यांत गांडुळे वाढतात आणि ती खायला स्टार्लिंग येतात. हा पक्षी आपल्या साळुंकीच्या कुळातला. शाय मार्कमन, कॅथरीन ब्यूकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गांडुळांत कोणती रसायने किती आहेत ते मोजले. दोन थॅलेटे, बिस्फेनॉल ए आणि एस्ट्राडायॉल हे मादीचे नैसर्गिक संप्रेरक त्यांनी विचारात घेतले. मग निसर्गात मिळते तेवढीच मात्रा त्यांनी पिंजऱ्यातल्या नरांना खाद्यातून दिली. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पूर्ण मिश्रण मिळालेले नर अधिक वेळ गाऊ लागले आणि त्यांचे गाणे अधिक गुंतागुंतीचे झाले. गाण्याचे नियंत्रण करणारे मेंदूतले ‘एचव्हीसी’ नावाचे केंद्र आकाराने वाढलेले आढळले. त्याच नरांची रोगप्रतिकारशक्ती मात्र घटली होती. माद्यांना दोन्ही गाणी ऐकवल्यावर त्यांनी पसंत केले ते याच नरांचे गाणे.

हे उलटे का घडावे? गाण्याच्या या केंद्रावर स्त्रीसंप्रेरकाचा प्रभाव पडतो. त्याची नक्कल करणारे रसायन तिथे पोहोचले की केंद्र फुगते. खर्च न सोसता खूण मिळते. झहावींच्या भाषेत, नाणे खोटे पडते. मिश्रणात एस्ट्राडायॉलही होते, त्यामुळे सगळे खापर थॅलेटांवर फोडता येणार नाही. पण गटारात तरी ती एकेकटी कुठे असतात?

अंड्यातला नर

गाण्यापाशी हे थांबत नाही. पक्ष्यांत लिंगनिश्चितीची रीत आपल्याहून वेगळी. नराची दोन्ही गुणसूत्रे सारखी, मादीची वेगळी. भ्रूणाच्या डाव्या जननग्रंथीत दोन्ही शक्यता असतात. एस्ट्रोजेन मिळाले तर अंडाशय, नाही तर वृषण. म्हणून चुकीच्या वेळी आलेली एस्ट्रोजेनची नक्कल नराच्या मुळावर येते. स्वीडनमधल्या प्रयोगात कोंबडीच्या अंड्यात बिस्फेनॉल ए सोडल्यावर नर भ्रूणाच्या डाव्या वृषणात अंडाशयासारखी रचना दिसली. तिथली मात्रा निसर्गातल्यापेक्षा फार मोठी होती, हेही लक्षात ठेवावे.

थॅलेटांचा मार्ग निराळा. सस्तन प्राण्यांत ती प्रामुख्याने वृषणातल्या टेस्टोस्टेरॉनच्या निर्मितीत अडथळा आणतात. 2014 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी वयात न आलेल्या जपानी लाव्यांना डायब्यूटिल थॅलेट दिले. प्रौढपणी त्यांच्या वृषणातल्या शुक्रनलिकांची झीज दिसली. पक्ष्याचे वृषण विणीच्या हंगामात काही जातींत शेकडो पटींनी वाढते आणि हंगाम सरला की आक्रसते. दरवर्षी नव्याने उभारायची ही यंत्रणा पूर्णपणे संप्रेरकांच्या निरोपांवर चालते. निरोप्यांच्या गर्दीत तोतया शिरला तर घोटाळा होणारच.

अंड्यापर्यंत पोहोचलेली गोष्ट

प्रयोगशाळेबाहेरही थॅलेटे सापडली आहेत. कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या प्रिन्स लिओपोल्ड बेटावरच्या फुलमार या समुद्रपक्ष्याच्या अंड्यात ती आढळल्याचे 2019 मध्ये जाहीर झाले. 2021 मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉर्नवॉलमधल्या कुरवांची 13 ताजी अंडी तपासली. त्यांतही थॅलेटे होती. ज्या अंड्यांत ती अधिक, तिथे पिल्लाचे रक्षण करणारे ई जीवनसत्त्व कमी होते. मादी खाते, ते अंड्यात उतरते. नराचे नशीब कवच फुटण्याआधीच ठरू लागते.

आपल्या साळुंक्या उकिरड्यावर आणि नाल्याकाठी किडे टिपतात. हिवाळ्यात थव्यांनी येणाऱ्या भोरड्याही त्याच कुळातल्या. युरोपीय संघाने 2005 मध्ये खेळण्यांतली काही थॅलेटे बंद केली, कारण मुले ती तोंडात घालतात. पण खेळणे, नळी, रेक्झिन कुठलेही असो, त्यातले तेल नाल्यातच जाते, आणि नाल्यात चोच घालणाऱ्याचा विचार त्या नियमात नव्हता.

मेलेला पक्षी दिसतो, त्याची नोंद होते. इथे पक्षी जिवंत आहे, उलट पूर्वीपेक्षा सुरेल गातो आहे. पक्षीनिरीक्षकाच्या वहीत अशा नराची नोंद ‘उत्तम’ अशीच होणार. म्हणून डोळ्यांनी आणि कानांनी करायच्या पक्षीगणनेला रक्ताच्या, अंड्यांच्या तपासणीची जोड हवी. या एका बाबतीत कान विश्वासाचे राहिलेले नाहीत. ना आपले, ना मादीचे.