ख्रिस्ती मंडळीजीवन, खानदेशातील

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील ख्रिस्ती लोकांचे स्थानिक मंडळीच्या द्वारे चालणारे सामूहिक धार्मिक व नैतिक जीवन. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मंडळी’ म्हणजे केवळ उपासनेची इमारत नव्हे, तर बाप्तिस्मा घेतलेल्या व परस्परांना बांधील असलेल्या श्रद्धावंतांचा समूह. प्रीती, क्षमा, समता व सेवा ही मूल्ये एकट्याने बाळगावयाची नसून या समूहात आचरून दाखवावयाची आहेत, अशी त्यामागील धारणा आहे.

तिचे मूळ नव्या करारात आढळते. यरुशलेम येथील पहिल्या मंडळीने मालमत्ता समाईक मानून गरजूंना वाटून दिली, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. करिंथ येथे सामुदायिक भोजनात सधन लोक आधी जेवून घेत व गरीब उपाशी राहत. त्याबद्दल पौलाने त्या मंडळीची कानउघाडणी केली. अपराध्याशी प्रथम एकांतात, मग साक्षीदारांसमक्ष व अखेरीस मंडळीपुढे बोलावे, असा क्रम मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. पाळक व वडील मंडळीतील तंटे सोडविताना याच क्रमाचा आधार घेतात.

खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्याच सुमारास, फ्रेड्रिक फ्रान्सन (१८५२–१९०८) याने १८९० मध्ये शिकागो येथे स्थापिलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्य पश्चिम खानदेशात सुरू झाले. भिल्ल, मावची इ. आदिवासी समाजांत मंडळ्या उभ्या राहिल्या. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील रुग्णालय (१९४२) हे या सेवाकार्याचे ठळक उदाहरण होय. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर हा भाग त्यात गेला. पूर्वेकडे भुसावळसारख्या रेल्वेकेंद्रातील मंडळ्यांचे स्वरूप अधिक मिश्र आहे.

समतेची कसोटी प्रभुभोजनाच्या वेळी लागते. एकाच भाकरीत सर्वांनी सहभागी व्हावयाचे असल्याने जातीचा किंवा जमातीचा भेद तेथे तत्त्वतः उरत नाही. तथापि विवाहसंबंध जुळविताना तो पुन्हा डोके वर काढतो. मद्यवर्ज्यतेचा नियम याहून अवघड ठरतो. भिल्ल समाजात विवाह व मृत्यू यांच्या विधींत मोहाच्या दारूला स्थान आहे. ती नाकारणारा भाऊबंदांना तुटल्यासारखा वाटतो. स्वीकारणारा मंडळीच्या शिस्तीस पात्र होतो. प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवणे हे या शिस्तीचे एक रूप असून पश्चात्तापानंतर पुन्हा सामावून घेणे हा तिचा हेतू असतो. हा हेतू विसरला गेला, तर शिस्तीचे रूपांतर बहिष्कारात होते.

धर्मांतराचे कायदेशीर परिणामही सर्वांना सारखे नाहीत. अनुसूचित जमातीचा दर्जा केवळ धर्मांतराने जात नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मात्र ख्रिस्ती झालेल्यास मिळत नाही. त्यामुळे एकाच मंडळीतील दोन कुटुंबांना श्रद्धेची निरनिराळी किंमत मोजावी लागते.

ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या पदांमुळे मराठी उपासनेला देशी वळण लाभले. परदेशी मिशनांचे साहाय्य ओसरल्यावर पाळकाचे वेतन, इमारतीची देखभाल व गरजूंना मदत यांचा भार सभासदांच्या वर्गणीवर व हंगामातील दानावर आला. परस्परांचा भार वाहण्याचे मूल्य अशा रीतीने मंडळीच्या दैनंदिन व्यवहाराचा भाग बनले.